आधी सांडवा, मग बोट

मृगाला पंधरा दिवस राहिले. या दिवसांत मी दरवर्षी या पानावर सोयाबीनच्या उगवण चाचणीवर नाहीतर बीजप्रक्रियेवर लिहितो. ते दोन दिवसांनी लिहीनच. आज तलावावर लिहितो, कारण पुढच्या आठवड्यात आमच्याकडं ग्रामसभा आहे आणि तिच्यात तलावाचा विषय ठेवलाय.

धाडच्या शिवारापासून जवळच आमचा एक पाझर तलाव आहे. बहात्तरच्या दुष्काळातला. माझ्या मायनं त्याच्या भिंतीवर टोपल्यानं माती टाकलेली आहे. त्या कामावर मजुरी मिळाली म्हणून आमच्या घरची चूल पेटली. पाणी भरलं की पंधराएक एकर पसरतं. खालच्या अंगाला तीस-पस्तीस विहिरी आहेत, त्यांच्यावर गहू, हरभरा, मका, मिरची होते. तर आता गावातल्या पोरांनी आणि काही पुढाऱ्यांनी ठरवलंय की या तलावाचा पिकनिक स्पॉट करायचा. बोटिंग, सेल्फी पॉइंट, भिंतीवर पेव्हर ब्लॉकचा फिरायचा रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं, लाईटचे खांब, खाली नाष्ट्याच्या गाड्या. आणि बोट उन्हाळ्यापर्यंत चालावी म्हणून सांडव्यावर दोन फुटांची आडभिंत बांधून पाणी वाढवायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बोटीला माझा विरोध नाही. धाड-भोकरदन रस्त्यावरून रोज किती गाड्या जातात, त्यातल्या दहा जरी वळल्या तरी गावातल्या चार पोरांच्या हाताला काम लागेल. पण सांडव्यावर एक वीटसुद्धा ठेवायला माझा विरोध आहे. भिंतीवर झाड लावायला विरोध आहे. आणि भिंतीची, सांडव्याची दुरुस्ती झाल्याशिवाय बाकी एक रुपया खर्च करायलाही विरोध आहे. का, ते आता सविस्तर लिहितो. लांबेल, पण वाचा. तुमच्याही शिवारात असा एखादा तलाव असेलच.

मातीचं धरण कसं असतं ते आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, नव्या पोरांसाठी सांगतो. मध्ये काळ्या चिकण मातीचा गाभा, तो पाणी अडवतो. दोन्ही बाजूंनी मुरमाचं पांघरूण, ते गाभ्याला धरून ठेवतं. पाण्याच्या बाजूनं दगडाची पिचिंग, लाटांनी माती धुवू नये म्हणून. मागच्या बाजूला बुडाशी दगड आणि चर, म्हणजे पाझरलेलं पाणी माती न घेता निघून जाईल. आणि एका टोकाला सांडवा. जास्तीचं पाणी जाण्याची ती एकच वाट.

मातीच्या भिंतीचं एक आहे. पाणी तिच्या पोटाशी पन्नास वर्षं उभं राहिलं तरी ती सोसते. पण पाणी एकदा तिच्या माथ्यावरून मागं पडायला लागलं की ती तासाभरात जाऊ शकते. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून पाणी पडतं ते आपण पाहायला जातो, फोटो काढतो. येळगावला पैनगंगेवर स्वयंचलित गेटं पाहायला पावसाळ्यात आपण सगळेच गेलोय. त्या धरणाला पाणी वरून सोडायची सोय मुद्दाम केलेली आहे. मातीच्या भिंतीला ती सोय नाही. तिच्या माथ्यावरून पाणी गेलं की मागचा मुरूम खरवडत खरवडत गाभ्यापर्यंत येतं. मग एक घळ पडते, ती रुंद होते, आणि सगळा तलाव त्या घळीतून निघतो.

आता हिशोब बघा. मागच्या आठवड्यात मी आणि एका पाहुण्याच्या पोरानं, तो स्थापत्यचा डिप्लोमा करतोय, दोरी आणि पारदर्शक नळी घेऊन तलावाचं माप घेतलं. सांडवा कागदावर आणि जागेवरही 40 मीटर रुंद आहे. सांडव्याच्या तळापासून भिंतीचा माथा 5 फूट वर आहे. म्हणजे पुराचं पाणी सांडव्यावरून 5 फुटांपेक्षा जास्त उंचीनं वाहायला लागलं तर ते भिंतीवरून जाणार. वर पाणलोट साधारण 600 हेक्टर आहे.

एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होतं. 100 मिलिमीटर पडला तर 10 लाख लिटर. 600 हेक्टरवर 60 कोटी लिटर. त्यातलं 40 टक्के जमिनीनं पिलं असं धरू, जरी भिजलेली काळी जमीन इतकं पीत नाही. राहिलं 36 कोटी लिटर. आमचा तलाव सगळा भरला तर अंदाजे 18 कोटी लिटर धरतो. म्हणजे अशा एका पावसात तो दोनदा भरेल. हा पाऊस दोन तासांत झाला तर सांडव्यावर सरासरी दर सेकंदाला 50 हजार लिटर पाणी येणार. 10 हजार लिटरचे पाच टँकर, दर सेकंदाला. आणि ही सरासरी आहे, पुराचा जोर मधल्या अर्ध्या तासात याहून जास्त असतो.

रुंद सांडव्याचं जे साधं सूत्र अभियंता लोक वापरतात त्यानं काढलं तर पूर्ण 40 मीटर मोकळ्या सांडव्यावरून हे पाणी 2 फूट 8 इंच उंचीनं जाईल. 5 फुटांत बसतंय. बांधणाऱ्यांनी काम चोख केलं होतं, त्यांना नमस्कार.

पण आज सांडवा मोकळा कुठं आहे? अर्ध्या भागात वेडी बाभूळ आणि बेशरम माजलीय, गाळ साचलाय, आणि एका कडेनं कुणीतरी कडब्याच्या गंजीसाठी भर टाकून जागा केलीय. उरला 20 मीटर. त्या 20 मीटरमधून तेच पाणी जायचं तर उंची होते 4 फूट 3 इंच. आणि भिंत 5 फूट वर कुठं राहिलीय? मधोमध जिथून बैलगाड्या आणि आता ट्रॅक्टर ओलांडतात तिथं चाकोरीनं माथा एक फूट खचलाय. तिथं 4 फूटच आहे.

म्हणजे काहीही नवीन न बांधता, आज आहे त्या परिस्थितीत, दोन तासांत 100 मिलिमीटर पाऊस झाला तर पाणी त्या खचलेल्या जागेवरून मागं पडायला 3 इंच जास्तच आहे. आणि त्यात आपण दोन फुटांची आडभिंत घालायची म्हणतोय. मग होतात 6 फूट 3 इंच. हिशोबात कुठं गफलत असेल तर जाणकारांनी दाखवून द्या, मी दुरुस्त करून पुन्हा टाकीन. तलाव फुगताना थोडं पाणी पोटात घेतो हेही मी धरलंय, पण पंधरा एकरांचा भरलेला तलाव 36 कोटी लिटरमधलं किती घेणार.

"दोन तासांत 100 मिलिमीटर आपल्याकडं पडतोय कुठं?" असं एकानं विचारलं. महसूल मंडळात दिवसाला 65 मिलिमीटर झाला की आपण अतिवृष्टी म्हणतो आणि पंचनाम्याच्या मागं लागतो. पण जुलै 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यात घाटाखाली संग्रामपूर आणि जळगाव जामोदला काय झालं ते विसरलात का? शेतं नुसती बुडाली नाहीत, माती खरडून गेली. पाऊस आता महिनाभर थांबतो आणि मग एका रात्रीत महिन्याचा पडतो. हे मला हवामानशास्त्रज्ञानं सांगायची गरज नाही, माझ्या सोयाबीननं सांगितलंय. बहात्तर साली ज्या पावसावर तलाव बेतला तो पाऊस राहिला नाही.

दुसरं बोलणं असं की "पन्नास वर्षांत काही झालं नाही, आताच काय होतंय?" आणि "एवढासा तलाव, तो काय वाहून नेणार?"

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात तिवरे धरण होतं. तेही लघु प्रकल्पच. साठा सुमारे अडीच दशलक्ष घनमीटर. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटलं. खालची भेंदवाडी झोपायच्या तयारीत होती. घरंच्या घरं गेली, 20 हून जास्त माणसं गेली. धरण गळतंय अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटलं असं सांगितलं, आणि मग महाराष्ट्रभर खेकड्यांवर विनोद झाले. लोक खेकडे घेऊन पोलीस ठाण्यात गेले. मला त्या विनोदात मजा वाटली नाही. खेकडे, घुशी, उंदीर मातीच्या बांधात बिळं करतातच, हे शेताच्या बांधाला चार दिवस पाणी दिलेल्या कुणालाही माहीत आहे. प्रश्न हा होता की बिळं बघायला वर्षातून किती वेळा कोण जात होतं.

आमचा तलाव तिवऱ्याच्या तेरा-चौदाव्या हिश्श्याइतका आहे, मान्य. पण आमची वस्तीही भिंतीपासून पाऊण किलोमीटरवर आहे, नाल्याच्या काठाला. आणि आता जिथं नाष्ट्याच्या गाड्या आणि लहान पोरांची घसरगुंडी लावायची म्हणतात ती जागा भिंतीच्या अगदी पायथ्याशी आहे, सावली चांगली म्हणून. रविवारी श्रावणात तिथं दोन-तीनशे माणूस राहील. तलाव लहान की मोठा हे पाण्याच्या आकड्यावर ठरत नाही, त्याच्या खाली कोण बसलंय त्यावर ठरतं.

आता मौजमजेच्या तलावाचीच एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, 72 फूट उंच. मुळात सरकारनं कालव्याला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. पुढं रेल्वे आली, कालवा बंद पडला, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकानं तळातून पाणी सोडायचे लोखंडी पाइप काढून भंगारात विकले. मग ते आलं पिट्सबर्गच्या श्रीमंत लोकांच्या मासेमारी आणि शिकारीच्या क्लबकडं. अँड्र्यू कार्नेगीसारखे लोक सभासद. त्यांनी तिथं बंगले बांधले, पाण्यात बोटी सोडल्या. घोडागाड्या माथ्यावरून नीट जाव्यात म्हणून भिंतीचा माथा थोडा खाली उतरवून रुंद केला. आणि महागामोलाचे मासे सांडव्यातून निसटून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या.

खाली 23 किलोमीटरवर जॉन्सटाउन हे लोखंड कारखान्याचं गाव. त्या कारखान्यानं 1880 मध्ये आपला माणूस पाठवून धरणाची पाहणी केली होती आणि पाणी सोडायची सोयच नाही हे क्लबला कळवलं होतं. क्लबनं उलट कळवलं की काही धोका नाही. 31 मे 1889 ला मुसळधार पावसात झाडाझुडपांचा कचरा येऊन जाळ्यांना अडकला. सांडवा तुंबला. सकाळपासून मजूर लावून बाजूनं चर खोदायची धडपड झाली, पण वेळ निघून गेली होती. दुपारी तीनच्या पुढं पाणी माथ्यावरून गेलं आणि धरण सुटलं. 2209 माणसं मेली. कोर्टात कुणाला शिक्षा झाली नाही, देवाची करणी म्हणून सोडून दिलं.

हे मी एवढं सांगितलं कारण आमच्या तलावात त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आहे. माथा गाडीवाटेनं खचलाय. तळाच्या मोरीचं गेट गंजून बसलंय, माझ्या आठवणीत गेल्या पंधरा वर्षांत कुणी उघडलं नाही. आणि सांडव्यावर जाळी आहे! मत्स्यबीज वाहून जाऊ नये म्हणून ज्यांनी मासेमारीचा ठेका घेतलाय ते दर पावसाळ्यात लोखंडी अँगलला जाळी बांधतात. त्यांचंही पोट आहे, बीज विकत आणतात, मी त्यांच्याशी भांडलो नाही. त्यांना एवढंच म्हणालो की जाळी अशी बांधा की एक दोर ओढला की सगळी सुटून पडेल, आणि पुराच्या रात्री तिथं तुमचा एक माणूस ठेवा. ते हो म्हणाले. बघू.

झाडांचं सांगतो, कारण कृषीच्या लोकांनाही यात शंका असते. भिंतीवर झाडं लावली की मुळं माती धरून ठेवतात असं वाटतं. गवताच्या बाबतीत ते खरं आहे. हरळी, मारवेल, बुडाशी वाळा, ही मुळं दाट आणि बारीक. पाऊस झेलतात, माती धरतात. पण वड, पिंपळ, बाभूळ यांची मुळं गाभ्यात शिरतात. झाड जिवंत आहे तोवर वादळात हलतं आणि भराव सैल करतं. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्याच्या जागी नळी राहते. त्या नळीतून पाणी चालायला लागलं की माती घेऊन चालतं. म्हणून भिंतीवर फक्त गवत. झाडं लावायची हौस असेल तर भिंतीच्या पायथ्यापासून चांगली लांब, गायरानात लावा, मी पाणी घालायला येतो. आणि जी मोठी झाडं आज भिंतीवर उभी आहेत ती भरल्या तलावात जेसीबी लावून उपटायची नाहीत, त्यानं खड्डा पडून उलटं होईल. ते काम तलाव कोरडा असताना, अभियंत्याला विचारून, खड्डा थराथरानं दाबून भरायचं असतं.

पेव्हर ब्लॉकचंही तेच. दिसायला चांगले. पण उन्हाळ्यात माथ्यावर भेगा पडतात, कुठं माती बसते, कुठं बीळ निघतं, हे सगळं उघड्या मुरमावर दिसतं. ब्लॉकखाली झाकलं जाईल. खड्ड्यात पाय गेल्यावरच कळेल.

आता थोडं आपल्याच लोकांविषयी, म्हणजे शेतकऱ्यांविषयी. तलावाच्या भिंतीतून आडवी नाली खोदून मोटारीचे पीव्हीसी पाइप टाकलेत, एक-दोन नाही, सात. नाली खोदली जेसीबीनं, बुजवली फावड्यानं, वर पाय दिला की झालं. सैल मातीतला पाइप म्हणजे पाण्याला आयती वाट, पाणी पाइपाच्या आतून नाही तर बाहेरून, पाइपाला धरून चालतं. पाइप न्यायचाच असेल तर माथ्यावरून न्या, वर गाड्यांसाठी मुरमाची भर द्या. पंप थोडा जास्त जोर करेल, बिल थोडं वाढेल. भिंतीच्या पोटातून नको.

गाळाचंही एक आहे. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चांगली, मी स्वतः चाळीस ट्रॉल्या गाळ टाकून हलक्या रानात फरक पाहिलाय. पण गाळ भिंतीला लागून काढायचा नसतो. पाण्याच्या बाजूला पायथ्याशी बसलेला गाळ हा भिंतीखालून जाणाऱ्या पाण्याला बूच असतो. ट्रॉली लवकर भरते, रस्ता जवळ पडतो म्हणून आमच्याकडं तिथूनच उकरलं. आणि मागच्या बाजूनं पायथ्याचा मुरूम कुणाच्या घराच्या जोत्याला गेला, कुणाच्या रस्त्याला. पायथा म्हणजे भिंतीचा टेकू. टेकू काढून वर सेल्फी पॉइंट बांधायचा, काय म्हणावं याला.

आता कागदाचं बोलू. तलाव कुणाचा? सर्वसाधारणपणे 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडं, 600 हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडं, त्याच्यावरचे जलसंपदा विभागाकडं. केंद्राचा धरण सुरक्षा कायदा 2021 चा आहे, 30 डिसेंबर 2021 पासून लागू झाला. त्यात पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी करणं मालकावर बंधनकारक आहे. पण हा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मीटरमध्ये असतील तर लांबी, साठा वगैरेच्या ठरावीक अटींत बसणाऱ्यांना लागू आहे. आमची भिंत 9 मीटर. म्हणजे कायद्याच्या दाराबाहेर. गावोगावच्या पाझर तलावांची, गावतळ्यांची हीच गत असणार. मोठ्या धरणाला अभियंता असतो, चौकीदार असतो, नोंदवही असते. आमच्या तलावाला ढोरक्या आहे, तोच काय तो रोज भिंतीवरून जाणारा माणूस.

मी गेल्या चार वर्षांत संबंधित कार्यालयात तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर आलं की निधी उपलब्ध झाल्यावर विचार करू. दुसऱ्याला उत्तर आलं की तलाव आमच्या यादीत नाही, दुसऱ्या कार्यालयाकडं जा. तिसऱ्याची पोच माझ्याकडं आहे, उत्तर नाही. पिकनिक स्पॉटसाठी मात्र निधी येतोय असं ऐकतो. येऊ द्या. त्यातला पहिला हिस्सा सांडवा साफ करायला, माथा एका पातळीत आणायला, मोरीचं गेट दुरुस्त करायला आणि पाइप काढून भिंत पुन्हा दाबायला लागावा, एवढं ठरावात लिहून घ्या. उरलेल्यात बोट. आणि बोटीच्या तिकिटातून दरवर्षी ठरलेली रक्कम भिंतीच्या नावानं वेगळी ठेवा, कारण दुरुस्ती एकदा करून संपत नसते, घराच्या धाब्यासारखं दरसाल बघावं लागतं.

ठरावाच्या मसुद्यावर चर्चा करताना एक जण मला म्हणाला, "भाऊ, काहून भेव दाखवता लोकाईले? असं बोललात तं कोणी फिरकणारच नाही तलावावर." मला भेव दाखवायचं नाही. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात, आपल्या धाडच्या नावाशी जुळतं नाव, ऑगस्ट 2022 मध्ये कारम नदीवरचं बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण गळायला लागलं. वेळेत दिसलं. 18 गावं खाली केली, पोकलेन लावून बाजूनं चर काढला, तलाव सावकाश रिकामा केला. धरणाचं काम वाईट झालं होतं हे खरं, पण माणूस एकही गेला नाही. गळती दिसली तेव्हा तिच्याकडं पाहणारं कुणीतरी तिथं होतं, आणि सांगितल्यावर ऐकणारंही होतं.

म्हणून ढोरक्याला आणि पलीकडच्या वस्तीवरच्या दोन पोरांना मी काय बघायचं ते सांगून ठेवलंय. मागच्या बाजूला बुडाशी पाझर असतोच, तो स्वच्छ आहे तोवर नुसतं लक्ष ठेवायचं. पाझर वाढला तर फोन. पाझर गढूळ झाला, म्हणजे पाण्याबरोबर माती निघायला लागली, तर फोन करता करता वस्तीकडं पळायचं. माथ्यावर लांबीच्या दिशेनं नवी भेग, मागच्या उतारावर कुठं माती फुगलेली किंवा घसरलेली, भिंतीजवळ पाण्यात भोवरा, यातलं काही दिसलं तरी तेच. सांडव्याच्या भिंतीवर आम्ही रंगानं फुटाफुटाच्या रेघा मारल्यात. तिसऱ्या फुटाला पाणी टेकलं की वस्तीवरची माणसं शाळेच्या टेकाडावर न्यायची, रात्र असली तरी. आज फक्त चार फुटांची जागा आहे, तिथं एक फूट हातात ठेवायलाच पाहिजे. शाळेच्या किल्लीची एक प्रत वस्तीवर ठेवा असं सरपंचांना सांगितलंय.

ज्यांची शेतं तलावाखाली आहेत त्यांनी आणखी एक हिशोब करावा. तलाव फुटला आणि देवाच्या कृपेनं माणूस वाचला, तरी नाल्याकाठची काळी माती जाते आणि खाली मांजऱ्या राहतो. विहिरी गाळानं बुजतात. त्या वर्षीचा रब्बी तर गेलाच, पुढच्या वर्षी पाणी अडवायला तलावच नाही. तीस विहिरींचं पाणी एका रात्रीत जातं, ते बोटीच्या तिकिटातून किती वर्षांत भरून निघेल ते मांडून पाहा.

ग्रामसभा मंगळवारी सकाळी दहाला, शाळेच्या आवारात. तलावाखालच्या गटनंबरवाल्या सगळ्यांनी यावं, बायामाणसांनीही, कारण पुराच्या रात्री लेकरं उचलून त्यांनाच पळावं लागणार आहे. माझ्याकडं मापाचा कागद आहे, त्याच्या झेरॉक्स वाटतो. रविवारी सकाळी सात वाजता सांडव्यातली बेशरम तोडायला आम्ही आठ जण जाणार आहोत, कुऱ्हाड आणि हातमोजे घेऊन या, बेशरमचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. कडब्याची गंजी ज्यांची आहे त्यांनी शनिवारपर्यंत उचलतो असा शब्द दिलाय. दुसऱ्या गावच्या मंडळींनी आपापल्या तलावाच्या सांडव्याची रुंदी, त्यातली मोकळी किती, आणि सांडव्यापासून भिंतीच्या सगळ्यात खचलेल्या जागेची उंची, एवढी तीन मापं मला पाठवा. पाणलोट माहीत असेल तर तोही लिहा. हिशोब करून देतो.